हौसेरावांचा सोयरा

आमच्या शेजारच्या गुलाबरावांना चालण्याचा मनापासून तिटकारा. चिखलीतलं त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ, पण तिथेही ते स्कूटरवर जातात. चष्मा घरी राहिला की परत स्कूटर. दरवर्षी आमच्या गल्लीतून एक टोळी पायी शेगावला निघते. गुलाबराव त्या सगळ्यांना चहा पाजतात, निरोप देतात, आणि स्वतः एसटीनं जाऊन, दर्शन घेऊन, टोळीनं खामगाव गाठायच्या आत घरी येऊन आडवे होतात. "देवानं पाय देल्ले ते स्कूटर थांबवाले," असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे एका सकाळी ते पाठीवर दप्तर बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन माझ्या फाटकासमोरून चालत गेले, तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं पडायचं तेवढं राहिलं.

"दप्तरात काय आहे हो?"

"तुरीची दाळ."

"आणि चाललात कुठे?"

"कुठीच नाही, मास्तरीणबाई. नुसतं चालून राह्यलो."

हे त्याहून भयंकर होतं. मी शाळेतून निवृत्त झाले तरी गुलाबराव मला मास्तरीणबाईच म्हणतात आणि गल्लीतली प्रत्येक गोष्ट आधी मला सांगतात. त्यांनी मला काही न सांगणं म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलं होतं. त्यांची बायको, कमलवहिनी, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. एकटा माणूस, डोक्यावर परिणाम झाला असेल, असं मी त्या दिवशी जरा जास्तच लोकांना सांगितलं.

चार दिवसांनी खुलासा झाला. गुलाबराव स्पेनला निघाले होते. त्यांची मुलगी सुषमा तिकडेच असते, तिकडच्याच मुलाशी लग्न करून. पण ते लेकीकडे राहायला चालले नव्हते. तिथे म्हणे शेकडो वर्षांपासूनची एक वाट आहे. डोंगरातून, शेतांतून, खेड्यापाड्यांतून जाते आणि एका मोठ्या चर्चपाशी संपते. तिथे ख्रिस्ताच्या एका शिष्याची कबर आहे. लोक पाठीवर ओझं घेऊन महिना महिना चालत जातात; दप्तरातली डाळ त्याच ओझ्याच्या सवयीसाठी होती. गुलाबरावही जाणार होते. पायी.

गल्ली हादरली. दुपारपर्यंत ते बाटले अशी बातमी होती, संध्याकाळपर्यंत त्यांचं नवं नावही लोकांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी उंद्रीहून त्यांचे थोरले भाऊ नामदेवराव जीप करून आले आणि साक्षीला म्हणून मला बोलावून घेतलं.

"गुलाब, खरं सांग. तू धरम बदलून राह्यला काय?"

"नाही दादा."

"मंग त्याईच्या देवाले चालत काऊन जातं? आपल्या देवाले तर तू एसटीनं जातं."

मला वाटलं, आता संपलं. पण गुलाबरावांनी थोरल्या भावापुढे चहा सरकवला.

"दादा, सोयऱ्याच्या गावची जत्रा हाये. हौसेरावानं बोलावलं मले. सोयऱ्यानं बोलावल्यावर नाही म्हणाव काय?"

हौसेराव म्हणजे सुषमाचे सासरे. नाव होसे, पण लग्नाला आले तेव्हापासून आमच्या गल्लीत ते हौसेराव. त्यांनी पंगतीत बसून तिखट भाजी डोळ्यांतून पाणी काढत संपवली होती, याची आठवण नामदेवरावांनाही होती. सोयरिकीचा मुद्दा निघाल्यावर ते नरमले. "जाय मंग," म्हणाले. "पण गळ्यातली माळ काढू नको."

गुलाबराव गेले आणि महिना-दीड महिन्यानं परत आले. वाळून काडी झाले होते. दप्तराला एक मोठा पांढरा शिंपला लटकत होता. त्या वाटेनं जाणारा प्रत्येक जण तो लावतो म्हणे. मग पुढचे कित्येक दिवस दुकानात बी-बियाणं बाजूला राहिलं. गुलाबरावांना तिकडे धक्क्यांवर धक्के बसले होते आणि त्यातला एकही ते स्वतःजवळ ठेवणार नव्हते.

"मास्तरीणबाई, देवाले जाऊन राह्यले, अन् जेवताना दारू. बाप्या पेते, बाई पेते, शेजारी बसलेला पादरी पेते. आता बोला."

"रातच्याले एकाच खोलीत बाया-माणसं सारे. खाटीवर खाट. कोणाचा कोण, पत्ता नाही. मी भितीकडे तोंड करून झोपलो. अन् घोरत कोण होतं? बाया. आता बोला."

"चर्चात चपला घालून जाते. मी भाइर काढून ठेवल्या, तर एक म्हातारी माह्या मांगं त्या उचलून घेऊन आली. तिले वाटलं, इसरला बिचारा."

सगळ्यात मोठा किस्सा शेतांचा. वाट गव्हाच्या शेतांतून, द्राक्षांच्या मळ्यांतून जाते. बांधावरून सरळ चालत जाणं गुलाबरावांच्या रक्तात नाही. ते आत शिरायचे, मूठभर माती चोळून पाहायचे, पान उलटं करून कीड शोधायचे. एका मळ्याचा मालक ओरडत धावून आला. गुलाबरावांनी त्याला वऱ्हाडीतून फवारणी समजावून सांगितली. तो माणूस आधी थक्क झाला, मग आत जाऊन बाटली घेऊन आला.

"मंग घेतली का?" खास ऐकायला उंद्रीहून आलेल्या नामदेवरावांनी विचारलं.

"पाहुणचार व्हता, दादा," गुलाबराव म्हणाले आणि स्कूटर काढून निघून गेले.

वाटेत येणारे-जाणारे 'वाट सुखाची होवो' अशा अर्थाचं त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत. गुलाबराव प्रत्येकाला उत्तर देत, "हाव, तुमचं बी." नंतर नंतर दोन-तीन गोरी माणसं त्यांना लांबून पाहूनच "हाव" म्हणायला लागली होती.

आणि हौसेराव? त्यांच्याबद्दल विचारलं की एवढंच, "चालले बिचारे."

दिवाळीत सुषमा आली. गुलाबराव दुकानात होते. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांनी यांना बोलावलं आणि आमची करमणूक झाली बाई."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, त्यांनी कुठे बोलावलं होतं?"

मग तिनं सांगितलं. तिच्या सासूबाई अचानक गेल्या. नवरा-बायकोनं मिळून ती वाट चालायची, असं दोघांनी किती वर्षांपासून ठरवलं होतं. त्या गेल्यावर सासरे घराबाहेर पडेनात. सुषमा रोज बापाशी व्हिडिओवर बोलायची, तेव्हा मागे ते खिडकीकडे तोंड करून बसलेले दिसत. एक दिवस गुलाबराव म्हणाले, "त्याईले सांग, मी येऊन राह्यलो. चालाले." सासऱ्यांनी नको म्हणून कळवलं. परत कळवलं. गुलाबराव म्हणाले, तिकीट काढून झालं.

"आणि मावशी, सगळ्या वाटेत बाबाच बोलत होते. मराठीतून. सासरे एक शब्दही नाही. शेवटच्या दिवशी मी आणि माझा नवरा गाडीनं तिथे गेलो. चर्चसमोरच्या चौकात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, रडत होते, आणि सासरे आत जायला तयार नव्हते. खाली दगडावर बसून राहिले. बाबा पहिल्यांदाच गप्प होते. ते खाली बसले, सासऱ्यांचे बूट काढले, मोजे काढले, आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन चेपायला लागले. भर चौकात. सासरे एवढे दचकले की पाय ओढून घ्यायला लागले. बाबांनी सोडले नाहीत. मग ते रडले मावशी. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. रडून झाल्यावर दोघं आत गेले."

नवऱ्यामुलाच्या बापाचे पाय धरणं आपल्याकडे नवीन नाही, पण हे ते नव्हतं.

संध्याकाळी गुलाबराव दुकान बंद करून आले. मी त्यांना फाटकातच अडवलं.

"पाय चेपलेत म्हणे तुम्ही. सगळ्यांसमोर."

ते ओशाळले. स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"सुजले व्हते त्याईचे."

"तेवढंच?"

"कमलचे गुडघे दुखायचे ना. सात-आठ वर्षं रोज रात्री चेपून देल्ले," ते म्हणाले. "आता जेवण झालं का हाताईले काही कामच नाही राह्यत, मास्तरीणबाई."