हौश्याचं दावं

तुम्ही माझ्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला आलात, तर संगणकासमोर बसलेले किसनआबा तुमच्याकडे न बघता विचारतील, "काळ्याला जुपू का तांबड्याला?"

नवं गिऱ्हाईक इथे गडबडतं. पुण्याहून फिरायला आलेल्या एक बाई दबक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "मला फक्त प्रिंट हवी होती." आबांनी मान डोलावली, काळ्याला जुपलं आणि गरम कागद त्यांच्या हातात ठेवला. वर "झाकून न्या, हवा वली हाय" असंही सांगितलं. बाईंनी कागद ओढणीखाली धरला आणि धुक्यात शिरल्या. परत येताना मैत्रिणीला घेऊन आल्या, आबा दाखवायला.

काळ्या म्हणजे काळी छपाई करणारा लेसर प्रिंटर. तांबड्या रंगीत. चिक्कीच्या खोक्यांवरची लेबलं काढतो तो लहानगा चिमण्या. आणि चौथा हौश्या. हौश्या दुकानात नाही, मी त्याला विकला. पण संगणकाच्या यादीत त्याचं नाव अजून आहे, आणि ते ठेवायचं की काढायचं यावरून मी आणि आबा वर्षभर भांडत होतो. म्हणजे मी भांडत होतो, आबा ऐकत होते. भांडणात समोरचा नुसता ऐकून घेतो तेव्हा माझं डोकं जास्त फिरतं.

मी लोणावळा स्टेशनबाहेर चिक्कीची खोकी बांधत बांधत या दुकानापर्यंत आलेला माणूस आहे. छापील किमतीत आजवर काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. आबांनी मात्र पगार किती हे विचारलंच नाही. पहिल्या दिवशी आले, चारही प्रिंटरांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोठा बरा हाय." मी घासाघीस करायला बाही सरसावून बसलो होतो. ती तशीच राहिली.

आबा आंदर मावळातले. आधी भातशेती, आणि तिच्या जोडीला तळेगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नोकरी. शेवटच्या काही वर्षांत स्टोअरमध्ये संगणक आला, तेव्हा बाकीचे लांब पळाले आणि आबा शिकले. एका बोटाने, पण न चुकता. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना चिंचवडला अकराव्या मजल्यावर नेलं. बायको आधीच गेलेली. आबा तिथे दोन महिने टिकले. का परत आलात असं विचारलं तर एवढंच म्हणतात, "तितं जमीन लय खाली हाय." घरचं रान तोवर मुलाने वाट्याने लावलं होतं. म्हणून आबांनी लोणावळ्यात एक खोली घेतली आणि माझ्याकडे आले.

त्या काळात एका प्रिंटरवरून दुसऱ्यावर जायचं तर संगणकात एकामागून एक चौकटी उघडाव्या लागायच्या. घाई असली की विसरायला व्हायचं. एकदा एका उमेदवाराचा रहिवासी दाखला चिमण्यावर गेला आणि शेंगदाणा चिक्कीच्या लेबलांवर तीन तीन शब्दांनी बाहेर आला. त्याने तो चिकटवायचा कुठे असं विचारलं, आणि मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही.

तेव्हा आमचे संगणक सांभाळणाऱ्या रेश्माताईंनी एक छोटी सोय बसवून दिली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक चिमुकलं चित्र. त्यावर टिचकी मारली की प्रिंटरांची यादी वर येते. ज्याच्या नावावर टिचकी माराल त्याच्यापुढे बरोबरची खूण, आणि पुढची सगळी छपाई त्याच्याकडे. आबा ती यादी कितीतरी वेळ उघडत होते, मिटत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, नावं बदलत्यात का ही?"

"बदलतात की," रेश्माताई म्हणाल्या. तिथे चुकल्या.

संध्याकाळपर्यंत कंपन्यांची नावं आणि आकडे गेले, आणि यादीत चार बैल उभे राहिले.

हौश्या हा जुना, सुयांनी ठोकत छापणारा प्रिंटर. माझा पहिला. एक आख्खा दिवस भाव पाडून घेतलेला. त्याचा आवाज बाजारापर्यंत जायचा. कागदावरून तो डावीकडून उजवीकडे जायचा, टोकाला क्षणभर थांबायचा आणि परत फिरायचा. आबा त्याच्यासमोर हनुवटी तळहातावर टेकून बसत. म्हणत, "बगा शेठ, नांगराचं तास धरून चाललाय. टोकाला आपसूक वळतोय." दारातून धुकं आत यायचं, दिवा पिवळा पडायचा, आणि त्या करकर आवाजात आबांचे डोळे अर्धे मिटायचे. अशा वेळी गिऱ्हाईकसुद्धा खोकायला संकोचायचं. मला वाटायचं, हा माणूस माझ्या दुकानात बसलेलाच नाही, कुठल्यातरी बांधावर बसलाय.

त्यांचे नियम ठरलेले. एकाच प्रिंटरला सारखं जुपायचं नाही. काळ्याने दोनशे पानं काढली की पुढची पन्नास तांबड्याकडे, शाई महाग असली तरी. कशाला, असं मी ओरडलो तर उत्तर यायचं, "बसंल तो. बसला की मंग उटवा तुमी." लोणावळ्याच्या हवेत कागद ओला होतो आणि यंत्रात अडकतो. म्हणून आबांनी कपाटात पिवळा बल्ब लावून त्याच्या उबेला कागदाचे गठ्ठे ठेवले. त्याला ते वैरण वाळवणं म्हणतात. हे मात्र खरंच चांगलं निघालं. शेजारच्या दुकानात कागद अडकतात, माझ्याकडे नाही. शेजाऱ्याला कारण मी अजून सांगितलेलं नाही.

आणि पोळा. आमच्या मावळात तो भाद्रपदात. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात, ती खांदेमळणी. आबा त्या संध्याकाळी प्रिंटरांची झाकणं उघडून आतले रूळ मऊ फडक्याने पुसत आणि प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे चालू करायच्या बटणाच्या वर, हळदीचं बोट लावत. दुसऱ्या दिवशी त्यांना काम नाही. पोळ्याला प्रिंट मागायला आलेल्या माणसाला आबा शांतपणे सांगत, "आज बैलं मोकळी हायेत."

तर हौश्याची गोष्ट. आबा भातकापणीला चार दिवस गावी गेले होते. भंगारवाला दारावर आला. हौश्याला महिनोन् महिने काम नव्हतं, नुसती जागा अडवून बसला होता. मी सकाळभर भाव केला. तो आकडा वाढवेना, तेव्हा वर वायर दिली आणि माझ्या आकड्याला सौदा पक्का केला. आबा परत आले तेव्हा मी मोठ्या खुशीत सगळं सांगितलं.

आबांनी मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथे धुळीत चार पायांचे चार ठसे होते.

"दावं दिलं का?"

"कसलं दावं?"

"वायर वो."

"वायरीवरच तर सौदा जमला."

आबांनी संगणकासमोरची खुर्ची ओढली. मग म्हणाले, "जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, शेठ. दावं घरात ऱ्हातं." आणि यादी उघडून बसले. हौश्याचं नाव तिथे होतं, फक्त फिकं झालेलं, धुक्यातल्या डोंगरासारखं. ते म्हणाले, "ह्ये तरी ऱ्हाऊ द्या."

राहू दिलं. तिथे मी चुकलो. कारण आबांनी नवीन रीत सुरू केली. दिवेलागणीला दुकान बंद करताना ते यादी उघडायचे आणि खूण हौश्यापुढे ठेवून जायचे. बाकीच्यांच्या मानेवर रात्रभर जू नको म्हणून. सकाळी आल्यावर पहिल्यांदा ती खूण हलवायची, हे त्यांच्या लक्षात असायचं. माझ्या नाही.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आबा यायच्या आधी एक हॉटेलवाला आला. मोठं गिऱ्हाईक. दोन वर्षं मागे लागून मिळवलेलं. त्याला नाश्त्याचं दरपत्रक तातडीने हवं होतं. मी छपाईची कळ दाबली. काही नाही. परत दाबली. काळ्या गप्प, तांबड्या गप्प. तिसऱ्यांदा दाबली आणि यंत्रावर चापटही मारली. हॉटेलवाला घड्याळ बघून म्हणाला, "तुमचं चालू द्या, मी समोरून काढून आणतो." तो जो समोर गेला तो गेला. आजही माझ्या दारावरून मान वळवून जातो. त्याला मी विसरणार नाही.

आबा आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. दुकान आहे की गोठा, आणि मेलेल्या यंत्राची पूजा किती दिवस, आणि ते नाव मी आत्ताच्या आत्ता काढतो. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "काडा. पन मंग माजंबी काडा."

"काढतो," मी म्हणालो.

त्यांनी डबा पिशवीत टाकला, चिमण्याचं झाकण नीट बसवलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. दुपारपर्यंत मी दोनदा कागद अडकवला. शेवटी संगणकासमोर बसलो, यादी उघडली, हौश्यावर गेलो आणि काढून टाकायचा हुकूम दिला. संगणकाने विचारलं, या प्रिंटरकडे अजून काही कामं बाकी आहेत, तीही पुसायची का?

कसली कामं? मी बाकी कामांची रांग उघडली.

रांग वर सरकवत गेलो तरी संपेना. माझी तीन दरपत्रकं त्यात होती, एकाखाली एक. बाकी सगळी पानं आबांची. रोज एक, दुकान बंद करायच्या वेळेची. आतला मजकूर दिसत नव्हता, फक्त प्रत्येक पानाला त्यांनी दिलेलं नाव दिसत होतं.

आज धुकं लय. काळ्या दमला. तांबड्याची शाई संपली. पोराचा फोन न्हाई. शेठ चिडला पन च्या पाजला. चिमण्यानं पाश्शे लेबलं काढली. पोराचा फोन न्हाई. गुडगा दुखतो. आज कुनी आलं न्हाई. पोराचा फोन आला.

त्यांचं शेवटचं, भांडणाच्या आदल्या संध्याकाळचं: हौश्या, परवा खांदेमळणी.

परवा म्हणजे आज.

मी "नाही" वर टिचकी मारली आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं.

आबांची खोली बाजाराच्या मागे. दार उघडंच होतं. आत एक खाट, एक स्टो, आणि जमिनीवर आबा. समोर वाटीत हळद-लोणी. मांडीवर एक जुनं दावं, हाताळून काळं झालेलं, आणि आबा त्याला दोन्ही हातांनी सावकाश मळत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"या शेठ," ते म्हणाले. "हौश्याचं."

"आपल्या?"

"न्हाई. खऱ्या."

मी खाटेवर बसलो. त्यांनी आपणहून सांगितलं. पोराकडे जायचं ठरलं तेव्हा बैल बाजारात नेला. घेणारा माझ्यासारखाच होता, लय चिवट. दावं दिलंत तर वर चार पैसे देतो म्हणाला. आबांनी दिलं नाही. त्याने स्वतःचं दावं आणून बांधलं.

"म्या म्हनलं, हिसका दील, वरडंल. जाताना एकडाव मागं बगितलं त्यानं," आबा म्हणाले. "गप गेला वो, शेठ."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची भिंत दिसत नव्हती. आबांचे हात चालू होते.

मला समजूत काढता येत नाही. मी म्हणालो, "काळ्याचे रूळ पुसायचे राहिलेत. मला जमत नाही ते."

"नाव काडलं?"

"नाही."

आबांनी दावं खिळ्याला अडकवलं, वाटी उचलली आणि चपला शोधू लागले.

पोळा झाल्यावर मी भंगारवाल्याला गाठलं. वायर परत पाहिजे म्हणालो. त्याच्याकडे वायरींचा डोंगर. अर्धा तास भांडून मी एक काळी, जाड वायर मिळवली आणि ऐटीत आबांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही त्याची न्हाई."

"आबा, वायर ती वायर."

"व्हय. असू द्या." त्यांनी ती हौश्याच्या जागेवरच्या खिळ्याला टांगली आणि तिला हळदीचं बोट लावलं.

आता सकाळी दुकान मीच आधी उघडतो आणि पहिल्यांदा यादीतली खूण हलवतो. परवा एका गिऱ्हाईकाला "थांबा, काळ्याला जुपतो" असं म्हणून गेलो.

आणि मागच्या आठवड्यात आबा मुलाकडे गेले होते, तेव्हा दुकान मी एकट्याने बंद केलं. समोरच्या दुकानात हॉटेलवाला हसत उभा होता. दिवे घालवायच्या आधी मी खूण हौश्यापुढे नेली, एक कोरं पान उघडलं, त्याला नाव दिलं आणि छपाईची कळ दाबली.

पानाचं नाव: हॉटेलवाला आजपण आला नाही.

पान रांगेत गेलं, आबांच्या पानांखाली. मी खुर्चीत थोडा वेळ बसून राहिलो. दारातून धुकं आत येत होतं.