परतीची सूचनापत्रिका

वैजयंतीने तांत्रिक लेखनाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि पहिल्या धड्यापासून ती घरातल्या घरात दूर जाऊ लागली.

बसायची जेवणाच्या टेबलाशीच. पण चौथ्या धड्यानंतर स्वयंपाकघरातून तिच्यापर्यंत चहा न्यायचा म्हणजे सकाळची दुपार व्हायची. पुढे ती नुसती ठिपक्याएवढी दिसू लागली आणि आम्ही फोनवर बोलू लागलो. शेजारचे म्हणाले, दुरून डोंगर साजरे. त्यांचं काय जातंय. मला घर खायला उठत होतं.

शेवटी मी अभ्यास केंद्रात गेलो. तिथले संयोजक टेमघरे सर शांतपणे म्हणाले, "दूरशिक्षण म्हटल्यावर दूर जाणारच. जवळ हव्या होत्या तर सकाळच्या बॅचला घालायचं."

"पण ती परत कधी येणार?"

"शेवटचा स्वाध्याय तोच असतो. परतीची सूचनापत्रिका विद्यार्थ्याने लिहायची, घरच्या माणसाने वाचून तसं वागायचं. लिहिलंय तेवढंच घडतं. दुसरी संधी नाही."

वैजूने आजवर पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं लिहिली होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. फोनवर म्हणाली, "अहो, तुम्ही मध्येच स्वतःचं डोकं लावू नका. वाचा आणि तसंच करा."

टपालाने आलेली पत्रिका खरंच सुरेख उतरली होती. एका वाक्यात एकच कृती. डोकं न लावता चालत राहिलो आणि टेबलापाशी पोचलो. तिथे काळ भरभर गेला असावा; तिचे केस पिकले होते, माझे अजून काळेच होते. तिचा हात धरला आणि आम्ही दोघंही रडलो. मग तिने चपला घातल्या आणि मी शेवटची सूचना मोठ्याने वाचली : 'आता आपण घरी परतावे.'

स्वयंपाकघरात मी एकटाच पोचलो.

अभ्यास केंद्रात टेमघरे सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "यात 'आपण' म्हणजे कोण?"

"आम्ही दोघं. ती आणि मी."

"ते बोलण्यात. सूचनेत 'आपण' म्हणजे वाचक, आदरार्थी. दोघं हवे होते तर 'दोघांनी' असं लिहायचं. लिहिणारा सूचनेत नसतो." त्यांनी शिक्का मारला. "वाचक घरी पोचला. पत्रिका निर्दोष आहे. प्रथम श्रेणी."

घरी आलो तेव्हा फोन वाजत होता.

"नीट पोचलात ना?" वैजूने विचारलं.

"पोचलो."

"आणि सर काय म्हणाले?"

"प्रथम श्रेणी."

ती म्हणाली, "म्हणजे बरोबरच लिहिलं होतं मी."