पास न म्हणणारे गावंडेसाहेब

गावंडेसाहेबांच्या घरात नुसतं बसता येत नाही. शेजारी असो, पाहुणा असो की कुरिअरवाला, उंबरठा ओलांडला की त्याच्या हातात एक लाकडी सोंगटी येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "रंग कोणता घेता?" एकदा त्यांचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. तो बिचारा "अंकलजी, टूटी किधर है?" एवढंच विचारत होता. साहेबांनी त्याला खुर्चीत बसवलं. बऱ्याच वेळानं तो उठला तेव्हा त्याच्या मालकीची दोन गावं आणि एक धान्यकोठार झालं होतं. नळ गळतच होता.

साहेब मूळचे अकोल्याचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात अभियंता. पत्नी तिकडे शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे प्रत्येक बदलीच्या गावी साहेब एकटेच. मोहालीच्या एरोसिटीत आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या दारात, ते तीन वर्षांपूर्वी राहायला आले. सोबत दोन सुटकेसा, एक कुकर आणि बैठ्या खेळांची चौदा खोकी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारचं चंदीगड समजावून सांगितलं.

"हे शहर नाई बाप्पा, बोर्ड हाय बोर्ड! सारखे चौकोन, मध्ये वाटोळे चौक. तेरा नंबरचं घर, म्हणजे सेक्टर, तर पहिले ठेवलंच नव्हतं. हे आखणारा फक्त फासे द्यायचे विसरला."

त्यानंतर ते कुणालाही पत्ता असाच सांगत. सेक्टर बत्तीसचं हॉस्पिटल म्हणजे "दोन घरं पुढं, एक डावीकडं, चौकात थांबून दुसऱ्याची चाल होऊ द्या."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. लिफ्ट बंद पडली तर वाटतं, माझ्याच वजनानं. अशा माणसाला साहेबांनी विचारलं, "दर रविवारी खेळायला याल का?" मी नाही कसं म्हणणार? मी गेलो, बायकोलाही नेलं. शुभदा पहिल्या रविवारी तोंड पाडून आली आणि तिसऱ्या रविवारी माझी तीन गावं खाऊन बसली. चौथी मृण्मयी, नॉलेज सिटीतल्या संस्थेत संशोधन करणारी, सांगलीची मुलगी.

तो खेळ नदीच्या खोऱ्याचा होता. गावं वसवायची, कालवे काढायचे आणि शेवटी नदीवर पूल बांधायचे. सगळे पूल झाले की खेळ संपला. पण हे एका बैठकीचं काम नव्हे. दर रविवारी खेळातला एक हंगाम व्हायचा आणि बोर्ड तसाच मांडलेला राहायचा. साहेबांचं जेवणाचं टेबल वर्षभर या खोऱ्याखाली होतं. ते स्वतः ओट्याशी उभं राहून जेवत.

या खेळात चाल नको असेल तर 'पास' म्हणता येतं. चौघांनी लागोपाठ पास म्हटलं तर डाव पुढच्या रविवारपर्यंत तहकूब, असंही नियमात आहे. आमच्यात हे कधी झालं नाही, कारण साहेबांना त्या शब्दाची चीड. मी एकदा दमून पास म्हणालो.

"पास? काहून? हात मोडले का तुमचे? पास म्हणणारा माणूस प्रेक्षक असते, राजेहो!"

'प्रेक्षक' ही त्यांची सर्वांत मोठी शिवी. आणि आमच्या सोसायटीतले सर्वांत मोठे प्रेक्षक म्हणजे तळमजल्यावरचे ढिल्लों. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यवसाय, भिंतीएवढा टीव्ही, आणि मॅचच्या दिवशी अर्ध्या सोसायटीला पकोडे. या दोघांची गाठ नेहमी पार्किंगमध्ये पडायची.

"क्या जी गावंडेसाब, लूडो में कौन जीता?"

"लूडो नाही है वो. और तुम्हारा क्या चालू है? बाईस जण पळून राहिले, और पसीना तुम पोंछ रहे!"

"ओ जी, कल हम जीत गए ना!"

"हम म्हणजे कौन? आप तो पकोडा खा रहे थे."

"और आपने क्या जीता? लकड़ी का गाँव! ना टैक्स मिले, ना वोट. बाहर निकलो जी, पेट देखो अपना."

ढिल्लोंचं पोट साहेबांच्या पोटाआधी कोपऱ्यावरून वळायचं, पण हे बोलायचं कुणी? दोघंही मला साक्षीला धरत. साहेबांना मी 'आपला माणूस' वाटायचो आणि ढिल्लोंनाही. कारण मी क्रिकेटवेडा होतो, आहे. वर सोंगट्या हलवताना खाली आरडाओरडा झाला की माझे कान टवकारत. "तुमचं एक गाव इथं हाय अन् एक खाली," साहेब म्हणत. मला दोन्हीकडे अपराधी वाटायचं.

त्यात ढिल्लोंच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी बसलो की विकेट जात नाही, असा शोध लागला. एका मॅचला मी बाथरूमला गेलो आणि दोघे बाद झाले. तेव्हापासून आपली फलंदाजी असली की मला पाणीसुद्धा जपून देत. हसू नका. मलाही ते खरं वाटायचं. देशाचे दोन गडी माझ्यामुळे गेले होते. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आणि त्यांच्या फाशाला कुणी हात लावला म्हणून लगेच तो धुऊन आणायला उठले.

मागच्या हिवाळ्यात साहेबांची ऑर्डर आली. शिलाँग.

त्या रविवारी त्यांनी टेबलावरची चादर काढली आणि आम्हाला बसायला सांगितलं. "हे पाहा, हा खेळ मी चार गावांत मांडला. जबलपूरले एकाची बदली झाली. रायपूरले दोघांची. विशाखापट्टणमले तर डाव संपतच आला होता, अन् माझीच ऑर्डर. एकदाही शेवटचा पूल पाहिला नाई मी. पुढच्या रविवारी संपवायचं. कोणी पास म्हणायचं नाई, कोणी घरी जायचं नाई."

आम्ही तिघांनी शब्द दिला. समोरचं आमचं दार उघडताना मला आठवलं, पुढच्या रविवारी दुपारी फायनल आहे.

आठवडाभर मी ढिल्लोंना चुकवत होतो. शनिवारी त्यांनी लिफ्टमध्ये गाठलंच. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "भाईसाब, बॉलिंग में जहाँ मर्ज़ी जाओ. बैटिंग में वो कोना खाली रहा, तो मैं किसको मुँह दिखाऊँगा?"

रविवारी आपली गोलंदाजी संपेपर्यंत मी वर खेळलो. साहेबांच्या आणि शेवटच्या पुलाच्या मध्ये आता थोडंच उरलं होतं. मग खालून हाक आली. मी साहेबांकडे पाहिलं. ते बोर्डाकडेच पाहत म्हणाले, "जा. तुमच्यावाचून देश अडून राहिला."

मी गेलो. त्या मऊ सोफ्यात मला काटे टोचत होते. वर तीन माणसं चौथ्याची वाट बघत बसली असतील, हे चित्र हलेना. पहिली दोन षटकं झाली असतील, तेवढ्यात दारात गावंडेसाहेब उभे. या घरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ढिल्लों अर्धवट उठले. आता भांडण होणार, आणि त्याला कारण मी.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "वो टेबल खाली करो."

"जी?"

"पकोडे हटाओ. ये उठ नहीं सकता ना? तो खेल इधर आएगा."

ड्रिंक्सच्या वेळी ढिल्लोंचे तीन मित्र वर गेले. बोर्डाखाली साहेबांनी पहिल्या दिवसापासूनच प्लायवूड घातलेलं होतं. "बदलीवाला माणूस आहे मी. उचलता येणार नाई असं मी काईच मांडत नाई," ते म्हणाले. जिन्यावरून आवाज येत होते. "ओए हौळी, धीरे! दरिया हिल जाएगा!" "काका, माझं कोठार बघा!" शुभदा पुढे हात आडवा धरून चालत होती, जणू लग्नातलं रुखवत चाललंय.

खोरं माझ्यासमोर येऊन बसलं. साहेबांनी टीव्हीकडे पाठ केली आणि ढिल्लोंच्या हातात एक लाकडी होडी दिली. "नुसतं बसायचं नाही. ये धान उस गांव में पहुंचाओ." ढिल्लोंनी दोन षटकं टीव्हीवर डोळे ठेवून होडी हाकली. तिसऱ्या षटकात ते शुभदावर ओरडले, "भाभीजी, ये तो बेईमानी है! पानी मेरा है!" आणि त्या गडबडीत त्यांचा एक चौकार बघायचा राहिला.

मॅच आपण जिंकलो. सगळे उड्या मारत होते, पण ढिल्लों बोर्डावर पाखरासारखे दोन्ही हात पसरून वाकले होते. "ओए, नाचो बाहर! गाँव गिर जाएँगे!" मग टीव्ही बंद करून त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. "हमारा हो गया जी. अब आपका देखेंगे. सब देखेंगे."

चाल साहेबांची होती. त्यांच्यासमोर दगड होता, लाकूड होतं, धान्य होतं. मृण्मयीनं एकदा पाहिलं आणि टाळ्या वाजवायला हात वर आणले. साहेबांनी शेवटचा पूल उचलला. बोटांत फिरवला. एकदा शुभदाकडे, एकदा मृण्मयीकडे, एकदा सोफ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आणि पूल खाली ठेवला.

"पास."

"काका, अहो, पूल होतोय तुमचा!"

"पास म्हटलं ना, बाई."

मृण्मयीनं टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. ती म्हणाली, "मीपण पास." शुभदा म्हणाली, "पास." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला चाल होती, चांगली होती. मी पास म्हणालो, आणि बऱ्याच दिवसांनी मला काही म्हणजे काही अपराधी वाटलं नाही.

ढिल्लोंना नियम कळले होते. "ओ जी, ऐसे तो ये कभी खत्म ही नहीं होगा."

"मग काय घाई हाय?" साहेब म्हणाले आणि पकोड्याची ताटली जवळ ओढली.

आठवड्याभरात ट्रक आला. खोकी तेरा गेली. खोरं ढिल्लोंच्या टेबलावरच आहे, आणि आता ढिल्लों उभ्यानं चहा पितात. दर रविवारी आम्ही तिथं जमतो, शिलाँगला फोन लावतो आणि स्पीकर बोर्डाशेजारी ठेवतो. "साहेब, तुमची चाल."

पलीकडे पाऊस वाजत असतो. साहेब अगदी विचार करत असल्यासारखे थांबतात.

"पास," ते म्हणतात. "बाकी सांगा, कोण कोण आलंय?"