कांबळे साहेबांचा पहारा

शेजारच्या कांबळे साहेबांच्या फाटकावरची बेल दाबली की आतून आवाज येतो, "परवलीचा शब्द?" हा शब्द ते दर सोमवारी बदलतात आणि गल्लीतल्या चार घरांना तोंडी कळवतात. कागदावर लिहिलेला त्यांना चालत नाही. एकदा टँकरवाला त्या आठवड्याचा शब्द सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वळू! वळू! उघडा की आता!" साहेबांनी फाटक उघडलं नाही. शब्द फुटला, म्हणजे बाद झाला. टँकर पुढं गेला आणि लातूरच्या मे महिन्यात साहेब दोन दिवस आमच्या माठातलं पाणी प्याले.

माणूस मूळचा देवणीकडचा. वीस वर्षं फौजेत बिनतारी संदेश सांभाळले. मग हैदराबादला एका कंपनीत सायबर सुरक्षेचे प्रमुख झाले. तिथं त्यांनी साठ पानी इशारा लिहून दिला, की आपली कुलपं कच्ची आहेत. कोणी वाचला नाही. चोरी झाली तेव्हा पहिलं बोट मात्र यांच्याकडंच गेलं. नोकरी सोडून लातूरला आले आणि धंद्यातल्या माणसांनी कसं लिहावं यावर तीन पुस्तकं लिहिली.

"मुद्दा पहिल्या ओळीत पाहिजे, सर. दुसरी ओळ कुणी वाचत न्हाई," ते मला ऐकवायचे.

माझ्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी अशीच तपासली. 'आमचे येथे'पासून चौदा काकांपर्यंत सगळं खोडलं. चुकून तीच प्रत छापखान्यात गेली. माझे सख्खे भाऊ अजून बोलत नाहीत.

कोणी हसून या पहाऱ्याची चौकशी केली, की साहेब कडवट तोंडानं म्हणत, "चोर बाहेरून येत न्हाई. आतलाच माणूस दार उघडून देतो." मला वाटायचं, हा टोमणा कंपनीला आहे.

दिवाळीनंतर एकदा ते अकरा पानं घेऊन आमच्याकडं आले. "तुम्ही जन्मभर मराठी शिकवलं. हे बघा जरा."

त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला लिहिलेलं पत्र होतं. ती सहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. कारण अकराव्या पानावर होतं. ती कॉलेजात असताना साहेबांनी तिच्या फोनमध्ये गुपचूप पाळत ठेवायची सोय करून ठेवली होती. वर्षभर तिचे निरोप वाचले. तिचा एका मुलावर जीव होता. साहेबांनी त्याच्या वडलांना गाठून ते नातं मोडलं. आतला माणूस कोण, ते मला तेव्हा कळलं. आधीच्या दहा पानांत नुसते जगातले धोके होते.

"साहेब, मुद्दा शेवटी आलाय," मी म्हणालो.

"माहीत हाय. महिनाभर लिहायलोय. वर घालायला हात धजत न्हाई."

मी कोरा कागद पुढं ठेवला. ते अर्धा तास बसले. चहा गार झाला. मग त्यांनी लिहिलं, 'प्रज्ञा, मी तुझा विश्वास मोडला. चूक माझीच होती.' खाली सही केली आणि ती अकरा पानं फाडली.

उत्तर यायला दीड महिना लागला. पाकीट घेऊन ते भर दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसले. फोडायचा धीर होईना, म्हणून मी फोडलं. आत दोनच वाक्यं होती. 'पत्र मिळालं. सध्या भेटायला येऊ नका.'

साहेबांनी कागद घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सध्या म्हणलीय, सर," ते हळूच म्हणाले. "येऊच नका, असं न्हाई म्हणली."