जवळ्याची झुंड

माझ्या हातात कला आहे. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून खोटं समजू नका. आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात मखराचा थर्माकोल कापायचा असला की आधी दामाजीला हाक मारतात. दामाजी म्हणजे मी. तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. रेघ सरळ आणि मान ताठ, असा आपला थाट.

साल एक्क्याण्णव. माझ्या कल्याणच्या मित्राचा, आनंदचा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने सुट्टीवर येताना एक परदेशी खेळ आणला. टेबलावर डोंगर, नदी, किल्ला मांडायचा, बोटाच्या पेराएवढे सैनिक समोरासमोर उभे करायचे आणि फासे टाकून लढायचं. राक्षस, सरदार, चेटकिणी, सगळा माल त्यात. नियमांचं पुस्तक आनंदकडे, म्हणून तो पंच. चिलखतवाले सरदार आमच्या तिसऱ्या गड्याने, डोंबिवलीच्या हरिहरने आधीच उचलले. माझ्या वाट्याला उरले बुटके, त्यातल्याही निम्म्यांच्या कुऱ्हाडी तुटलेल्या. दर रविवारी दुपारी हरिहरच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर लढाई व्हायची आणि दर रविवारी माझे बुटके चहाच्या आत संपायचे.

एकदा आनंदला पुस्तकात झुंड सापडली.

"किडेमकोडे असतात रे," तो म्हणाला. "एकेका चकतीवर मूठभर चिकटवलेले. दोन मेले तरी मागचे पुढे येतात. डायरेक्ट चिलखतात घुसतात."

"मिळतात कुठं?" मी विचारलं.

"इथं कुठं मिळणार? तिकडेच."

"मी करतो," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी आणतो. हरिहर, तुझ्या सरदारांना सांग, घरी निरोप घेऊन या."

सोमवारी शाडू आणली. उंदीर करायला गेलो, त्यांचे चिंचोके झाले. मग कोळी करून पाहिले. वाळल्यावर त्यांचे पाय गळून पडले आणि बशीत मेथीचे दाणे उरले. कोळ्याच्या पोराला कोळी जमेनात, आता कुणाला सांगणार? शनिवार उजाडला तरी माझ्याकडे झुंड म्हणून दाखवायला डोक्यावरचे केस सोडून काही नव्हतं.

वैतागून ओट्यावर येऊन बसलो. शेजारीच आयने चटईवर बारीक कोलंबीचा जवळा वाळत घातलेला. आय सुक्या मासळीचा धंदा करायची, त्यामुळे आमच्या ओट्यावर बारा महिने काही ना काही पसरलेलं असायचं. सहज एक जवळा उचलून बघितला. दोन काळे डोळे. लांब मिशा. वळलेली शेपटी. पाठीवर पेरापेरांचं चिलखत आणि पोटाखाली पायांची रांग. देवाने एवढं बारीक काम करून ठेवलंय आणि मी येडा शाडू मळत बसलोय!

मग काय विचारता. सोड्याच्या बाटल्यांची बुचं उलटी करून त्यांत फेविकॉल भरला आणि जवळा उभा-आडवा रोवला. थोड्यांना हिरवा पोस्टर कलर दिला. बाकीचे तसेच ठेवले, कारण मूळचाच रंग झकास होता. झुंडीला सेनापती हवा म्हणून सुक्या बोंबलाचं मुंडकं घेतलं. तो जबडा, ते दात! परदेशातल्या कारागिराने बघितला असता तर हत्यारं खाली ठेवली असती.

आय मागे येऊन उभी राहिली. "आरं दाम्या, जवल्याला रंग कनाला देतंस?"

"खेळ आहे, आय. हरिहरच्या घरी न्यायचाय."

"ते तं बामन हान ना रं? त्यांना चालंल?"

"खायला थोडाच नेतोय? खेळायला नेतोय."

आयने एकदा माझ्याकडे बघितलं. मग उरलेला जवळा माझ्यापासून लांब सरकवला.

रविवारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून झुंड डोंबिवलीला पोचली. मी टेबलावर ओळीने बुचं मांडली आणि मधोमध सेनापती. आनंदने वाकून बघितलं आणि त्याच्या तोंडून शिट्टीच निघाली.

"अरे, मिशा पण केल्यास? कशाच्या?"

"ते गुपित आहे," मी म्हणालो. कलाकाराने सगळं सांगायचं नसतं.

हरिहरचा चेहरा उतरला. पंखा फुल सोडला आणि लढाई सुरू झाली. पहिल्याच फाशाला माझी झुंड नदी ओलांडून त्याच्या दोन सरदारांवर चढली. जिंकणं कसं लागतं, ते मला आयुष्यात प्रथमच कळत होतं.

तेवढ्यात हरिहरची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकूंनी नाकाला पदर लावलेला.

"हरिहर, घरात काहीतरी मेलंय रे."

"कुठे काय, आई?"

"मला येतोय ना वास! उंदीर असणार. चार वाजता भगिनी मंडळ येतंय आणि आजच मेला मेला."

हरिहरने हुंगलं. आनंदने हुंगलं. दोघांचे चेहरे वाकडे झाले. मीही छाती भरून श्वास घेतला, पण मला काही वेगळं जाणवलं नाही. खरं सांगतो, देवाशपथ. ज्या वासात माणूस जन्मतो, त्याला तो हवेसारखाच वाटतो. उलट मला वाटलं, आज यांच्या घरात किती प्रसन्न वाटतंय.

काकूंची लगबग बघून मला राहवेना. "काकू, तुम्ही बसा, मी शोधतो," म्हणालो आणि दिवाणाखाली शिरलो. तिथे एक चेंडू आणि हरिहरचं जुनं प्रगतिपुस्तक मिळालं. मग आम्ही कपाट ओढलं. माळ्यावर चढून पितळी भांडी उतरवली. मोरीत फिनेल ओतलं. काकूंनी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. त्यामुळे आता घरात देऊळ, दवाखाना आणि मासळीबाजार एकत्र नांदू लागले.

"वास टेबलापाशी जास्त येतोय," काकू म्हणाल्या.

मी टेबलाखाली झोपून पाहिलं. "इथं काही नाही, काकू."

या सगळ्या गोंधळात हरिहरचे वडील, म्हणजे काका, पेपर वाचत बसलेले. ते मंत्रालयात होते, बोलणं मोजकं. काकूंनी त्यांना विचारलं, "अहो, तुम्हाला नाही का येत वास?"

"नाही बुवा," पेपरामागून उत्तर आलं. पण मघाशी खिडकीपाशी असलेली त्यांची खुर्ची आता टेबलाला चिकटली होती.

तेवढ्यात गॅलरीच्या कठड्यावरून शेजारच्यांचं मांजर आत आलं. एरवी भित्रं, माणूस दिसला की पळणारं. आज मात्र शेपटी उभी करून, घर स्वतःचंच असल्यासारखं आलं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "कोणी हाकलू नका. उंदीर तेच शोधून काढेल."

आम्ही सगळे भिंतीला टेकून श्वास रोखून उभे राहिलो. मांजराने दिवाणाकडे पाहिलं नाही, कपाटाकडे पाहिलं नाही. सरळ टेबलावर उडी मारली, हरिहरचे सरदार शेपटीने आडवे केले आणि माझ्या सेनापतीचं मुंडकं तोंडात धरलं.

"माझी झुंड!" मी ओरडलो.

"मांजर माती खातंय की काय?" काकू म्हणाल्या. "दामाजी, अरे, त्याच्या पोटात रंग जाईल."

आणि पेपर खाली आला. काका ताडकन उठले. आवाज असा की जणू जेवणाच्या पानावर अन्याय झालाय.

"माती कसली? जवळा आहे तो, जवळा! आणि ते तोंडात आहे ना, तो बोंबील आहे. अगं, हाकल त्याला, सगळा संपवेल!"

मांजराचा कुरुमकुरुम आवाज तेवढा येत होता.

मला तेव्हा कळलं की मघापासून सगळे जो उंदीर शोधतायत, तो मीच डब्यातून आणलाय. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. काकू सावकाश काकांकडे वळल्या.

"तुम्हाला हो कसं माहीत?"

काका चष्मा पुसू लागले. "वाचनात आलं होतं."

"वाचनात वाससुद्धा येतो?"

"म्हणजे... ऑफिसात आमचे एक सहकारी डबा आणतात. समोरच बसतात. माणूस शेवटी हवा तर घेणारच."

"नुसती हवा?"

काका चष्म्याची दुसरी काच पुसू लागले. काकूंचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले आणि मला वाटलं, आता रडतात. तर त्या खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर अपुरा पडला. आधी हरिहर हसला, मग आम्ही सगळे. भगिनी मंडळ शेजारच्या ब्लॉकमध्ये भरलं. मांजराच्या मिशा पुढचे दोन-चार दिवस हिरव्या होत्या, बाकी त्याला काही झालं नाही.

लढाईचा निकाल तेवढा बाकी होता. आनंदने पुस्तक उलटंसुलटं केलं. पुस्तकात मांजराचा नियम नव्हता. झुंड मैदानात उरली नाही, म्हणून त्याने हरिहरला विजयी घोषित केलं.

काकूंनी मला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "दामाजी, तू कधीही ये. तुझं सैन्य मात्र घरी ठेवून ये."

म्हणून खेळ आमच्या ओट्यावर हलला. पहिल्या रविवारी हरिहर आणि आनंदच्या मागून काकाही आले. पोरं लांब जातात, बरोबर मोठं माणूस हवं, म्हणाले. पोरं म्हणजे आम्ही, चांगली नोकरीला लागलेली. आयने भाकरी आणि कांद्यावर परतलेला जवळा पुढे केला. काकांनी खेळाबद्दल एक प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत ताट जवळ ओढलं. निघताना त्यांनी खिशातून वेलदोडे काढून तोंडात टाकले.

"हिनेच दिलेत," ते म्हणाले. "येताना दारात हातावर ठेवले. बोलली काही नाही."

तेव्हापासून काकांनी एकही रविवार चुकवला नाही. खेळाचा एकही नियम त्यांना कधी कळला नाही. मी मात्र एकही लढाई जिंकलो नाही, कारण झुंड पुन्हा बनवायची म्हटलं की आय माझ्या हातून जवळ्याची चाळण काढून घ्यायची.

"ठेव तो जवला," म्हणायची. "काका येनार हान."