टाकीवरचे सील

"चिंध्या, गाडी थांबव! पुन्हा वास येतोय!"

धुळ्यात पांझरा नदीच्या पुलावर, ऐन रहदारीत, दीपचंद शेठ मागच्या सीटवरून ओरडले. चिंधा ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. मागचे टांगेवाले शिव्या घालू लागले. शेठजींनी नाकाला उपरणे लावले आणि त्या आठवड्यात चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, "किती काढलंस आज?"

"काय काढं, शेठजी?"

"पेट्रोल! नळी घालून तू काढतोस, बाहेर विकतोस, आणि सांडलेलं मी हुंगत बसतो!"

चिंधा लाल झाला. फाळणीच्या आधीची ती विलायती गाडी त्याने अकरा वर्षे पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. "बठ्ठा संशय मन्हावरच? एक थेंबबी घर नेयेल नही मी!"

शेठजी ऐकणाऱ्यातले नव्हते. ते रुईचे व्यापारी. नमुन्याच्या पुडक्यावर लाख ओतून अंगठीचा शिक्का उठवल्याशिवाय पुडके कोणाच्या हाती द्यायचे नाहीत. तोच न्याय त्यांनी गाडीला लावला. त्या संध्याकाळी देवपूरच्या बंगल्यात सगळ्यांना आत पिटाळून त्यांनी टाकीच्या झाकणावर जाड लाख ओतली आणि वर शिक्का मारला. पंपावर सील स्वतः फोडायचे, घरी आल्यावर स्वतः लावायचे, असा नेम सुरू झाला.

वास दुप्पट झाला.

वर गाडी उभी असतानाही पेट्रोल कमी होऊ लागले. सील शाबूत आणि काटा रोज खाली! दुसरा एखादा असता तर थांबून विचार करता. शेठजींनी निष्कर्ष काढला की चिंधाने खोटा शिक्का करून घेतला आहे. अंगठी तिजोरीत गेली, लाखेचा थर बोटभर झाला. वास मात्र इतका वाढला की शेठाणी प्रेमकुंवर यांनी त्या गाडीत बसणेच सोडले.

"मी टांग्याने जाईन," त्या कडाडल्या. "साडीला वास येतो. देरासरात दर्शनाला गेले तर बायका माझ्यापासून लांब सरकतात!"

हिलाल मिस्तरीला बोलावले. त्याने कार्बोरेटर खोलला, इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला पडदा बदलला, नळ्या बदलल्या. शेवटी तो टाकीकडे वळला, तर शेठजी झाकणापुढे हात पसरून उभे.

"सीलला हात लावायचा नाही!"

"मग काय आजारी माणसाला घराबाहेरूनच तपासू?" असे म्हणून हिलालने पाने-पकड गोळा केली आणि तोही तणतणत निघून गेला.

वैशाखात शेठजी अमळनेरला मोठ्या सौद्यासाठी निघाले. निम्म्या वाटेत त्यांचे डोके गरगरले. बाभळीखाली बसून ओकले, आणि सौदा बाजूला ठेवून गाडी परत फिरवावी लागली. अंगणात उतरताच त्यांच्या रागाचा भडका उडाला.

"बोलवा हिलालला! आज मी स्वतः टाकी उघडायला लावतो. आणि दुसरं काही कारण निघालं नाही ना चिंध्या, तर आजच चालता हो. धुळ्यात कोण तुला गाडीवर ठेवतो तेच बघतो!"

चिंधा हिलालला बोलवायला धावला. घरात पाच माणसे त्याच्या एका पगारावर जेवत होती.

हिलालने हातोडीने लाख फोडली, झाकण फिरवले आणि मागे उडी मारली. "फुस्सऽऽ" असा आवाज इतक्या जोरात झाला, की शेठाणी ओट्यावर धावत आल्या.

हिलालने झाकणातल्या बारीक छिद्रातली लाख टाचणीने कोरून काढली. मग डिकी उघडून टाकीवरच्या काट्याच्या बैठकीला बोट लावले.

"हा वायसर झिजलाय, शेठजी. थोडा वास याचाच होता. पण झाकणाला हे छिद्र असतं ते टाकीला श्वास घ्यायला. तुम्ही तिचं तोंडच दाबलंत. खान्देशातलं हे ऊन, आत वाफ कोंडली, आणि सगळी या फटीतून तुमच्या सीटमागे! पेट्रोल उडालं तेही इथूनच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात!"

शेठजी फुटलेल्या लाखेचे तुकडे पायाने बाजूला सारू लागले. हिलालच्या कपाळावर मात्र एकदम आठी पडली. "पण लाख वितळवली कशावर?"

"कशावर म्हणजे? मेणबत्तीवर."

"कुठे?"

"इथेच. झाकणाशी धरूनच थेंब पाडायचे ना!"

हिलालने झाकण घाईघाईने परत बसवले.  आणि आता चिंधाचा आवाज टिपेला गेला.

"मेणबत्ती? पेट्रोलना तोंडवर? घर पगारवर चालस, शेठजी, पण जीवच गया तं पगार कसाले?" गाडीची किल्ली बॉनेटवर आपटून तो तरातरा निघून गेला.

शेठजींनी दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतः त्याच्या घरी गेले. चिंधा आला, पण एका अटीवर.

तेव्हापासून रोज सकाळी शेठजी गाडीपाशी येत. चिंधा बंद दाराला पाठ लावून उभा असे.

"खिसा दखाडा, शेठजी. काडीपेटी शे का?"

शेठजी इकडेतिकडे बघत आणि कोटाचे दोन्ही खिसे मुकाट्याने उलटे करत.

"आतल्या बंडीचासुद्धा बघ रे!" ओट्यावरून शेठाणी ओरडत.

चिंधा तोही बघे, आणि मगच दार उघडे.