फोडणीतला स्क्रू

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अनंतराव परचुरे बाल्कनीत बसले, बंदुकीवर दुर्बीण चढवली, दुर्बिणीच्या वरच्या बटणाची टोपी उघडली, आतला स्क्रू बसवण्यासाठी चिमटा हातात घेतला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की स्क्रू नाही.

बंदूक म्हटल्यावर कुणी दचकायचं कारण नाही. हवेच्या दाबावर छर्रा उडवणारी, कागदी नेम भेदण्यापलीकडे कुणाचं काही न बिघडवणारी ती नेमबाजीच्या क्लबातली जुनी विलायती बंदूक होती. क्लबच्या प्रशिक्षक मुक्ताताई सरनोबत ती चादरीत गुंडाळून घेऊन आल्या तेव्हा तिचा लाकडी दस्ता तडकलेला होता, आणि दुर्बिणीला डोळा लावला की आत नुसता काळोख. पाडव्याच्या मुहूर्तावर न्यायला येते, असं मुक्ताताई म्हणाल्या. ही नीट झाली तर क्लबातल्या बाकीच्या जुन्या बंदुका तुमच्याकडेच, असंही म्हणाल्या.

हे दुसरं वाक्य अनंतरावांनी गेला महिनाभर उशाशी घेऊन झोपावं तसं जपलं होतं. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. मग उदारीकरण आलं, कम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि कंपनीने हारतुरे घालून त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली इच्छा कंपनीची होती, निवृत्ती तेवढी अनंतरावांची. घरी आल्यावर त्यांनी एक जुना छोटा लेथ आणून कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांच्या बाल्कनीत बसवला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. सोसायटीतल्या कुकरची बटणं सोडली तर त्या लेथकडे कुणी काही आणलं नव्हतं. ही बंदूक म्हणजे त्यांचं पहिलं खरं काम.

तडकलेला दस्ता त्यांनी सांधला, दुर्बिणीची भिंगं साफ केली, पण त्या कामाचा जीव त्या स्क्रूत होता. दुर्बिणीचा नेम वरखाली सरकवणारा, लवंगेएवढा स्क्रू. मूळ कंपनी कधीच बंद पडलेली आणि त्याचे आटे बाजारातल्या कुठल्याच आट्यांशी जमेनात. भवानी पेठेतल्या दुकानदाराने तर, "काका, हा स्क्रू ज्याने केला त्यालाच विचारा," असं सांगून वाटेला लावलं होतं. शेवटी अनंतरावांनी तो स्वतः करायला घेतला. कितीतरी मोडले, वाकले, वाया गेले. एकदाचा एक जमला तेव्हा त्यांनी तो तळहातावर घेऊन बायकोला दाखवला. नीरजाबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "छान झालाय. हरवू नका."

अनंतरावांनी लेथखाली पाहिलं, सपाता झटकल्या, खिसे उलटे केले. तेवढ्यात स्वयंपाकघरात नीरजाबाईंनी आमटीला फोडणी घातली. मोहरी तडतडली आणि तो आवाज ऐकताक्षणी अनंतरावांचं धाबं दणाणलं. त्यांना सगळं आठवलं.

धनत्रयोदशीची सकाळ. स्क्रू गंजू नये म्हणून त्याला काळा रंग चढवायचा होता. त्याची रीत साधी: लाल होईपर्यंत तापवायचा आणि तेलात बुडवायचा. नेमकं बाल्कनीतलं तेल संपलेलं. स्वयंपाकघरात मात्र चिवड्याच्या फोडणीसाठी कढईत तेल तापत होतं आणि नीरजाबाई गच्चीवरचे पोहे आणायला गेल्या होत्या. तेल ते तेल, असा विचार करून त्यांनी दुसऱ्या शेगडीवर स्क्रू तापवला आणि कढईत धरला. तो चिमट्यातून निसटला आणि तळाशी गेला. झाऱ्याने काढावा म्हणून त्यांनी हात लांब केला तोच हॉलमध्ये फोन वाजला. अमेरिकेचा होता. त्या काळात अमेरिकेचा फोन आला की पुण्यातली माणसं हातातलं टाकून पळत. मुलगा आमोद तिकडून ओरडून सांगत होता, "बाबा, तुम्ही आजोबा होणार." त्यानंतर दिवसभर अनंतरावांना स्वतःचं नाव आठवलं हीच मोठी गोष्ट.

म्हणजे स्क्रू फोडणीत, फोडणी चिवड्यात, आणि चिवडा?

नीरजाबाई झेंडूची फुलं आणायला मंडईत गेल्या तसा अनंतरावांनी चिवड्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. जुन्या लाऊडस्पीकरमधलं लोहचुंबक त्यात सगळीकडून फिरवलं. चुंबकाला एक शेंगदाणासुद्धा चिकटला नाही. राहिली फराळाची ताटं. ती तीन होती आणि काल त्यांनी स्वतःच्याच हातांनी तीन घरी पोचवली होती.

पहिलं घर तळमजल्यावरच्या आनंदीबाई लिमयांचं. बाई निवृत्त शिक्षिका. समोरचा माणूस साठीचा असला तरी त्याचा गृहपाठ राहिला असावा अशा नजरेने पाहायच्या. अनंतरावांनी चाचरत विचारलं, चिवडा आहे का थोडा.

"तुमचा संपला?"

"नाही. आम्ही तुम्हाला दिलेला."

"दिलेलं परत मागायची पद्धत नवीन दिसते," आनंदीबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की चिवडा फारच सुरेख झाला होता आणि त्यांनी तो कालच संपवला.

अनंतरावांना घाम फुटला. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं आणि चिवडा सगळा पोटात गेला असेल तर आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढायला हवा, रिक्षा मी आणतो, असं म्हणून ते वळलेसुद्धा. आनंदीबाईंनी पदर नीट केला, दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला.

"थांबा. मी तो खाल्लेला नाही. नीरजाचा हात साखरेला फार सढळ आहे हो. चिवडा खातेय की साखरफुटाणे, तेच कळत नाही. मी संभाजीरावांकडे देऊन टाकला. आणि हे तिला कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

पहिल्या मजल्यावर संभाजीराव जगताप राहायचे. मार्केट यार्डात त्यांचा शेंगदाण्याचा गाळा होता. चिवड्याचं नाव काढताच त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "वहिनींचा चिवडा म्हंजे काय विचारता. पोरांनी ताट चाटून ठेवलंय." अनंतरावांनी कपाळाला हात लावला. आता एक्स-रेला सगळं कुटुंब न्यावं लागणार, तेही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. संभाजीरावांचा चेहरा पडला. त्यांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि शेवटी सत्याची कास धरली. त्यांच्या घरात तिखटाशिवाय घास उतरत नाही. तेव्हा नीरजावहिनींचा आणि आनंदीबाईंकडून आलेला, असा दोन्ही ताटांतला चिवडा वरच्या मजल्यावरच्या नव्या पोरांकडे गेला होता.

"पण अनंतराव, तुम्ही एकटं नका जाऊ," संभाजीराव म्हणाले. "माझ्याकडं दाणे चाळायची चाळणी हाय. चला." जिन्यात पाहतात तर आनंदीबाईही पदर खोचून निघालेल्या. पुरुषांना शोधायला लावलं की दुसरं काहीतरी हरवतं, एवढंच त्या म्हणाल्या.

अशी ही चुंबक, चाळणी आणि शिस्त यांची वरात दुसऱ्या मजल्यावर पोचली. तिथे संतोष आणि प्रियदर्शनी भाड्याने राहायचे. दोघंही यवतमाळकडचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पहिलीच दिवाळी पुण्यात, आणि रजा न मिळाल्यामुळे गावी जाता आलं नव्हतं. प्रियदर्शनीने सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळेच विस्फारले.

"काका, मी ह्याला कालच म्हटलं, तीन घरचा चिवडा सेम टेस्टचा कसा काय? मला वाटलं, पुण्यात असाच करत असतील."

आनंदीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. संभाजीरावांना चाळणीत काहीतरी अडकलेलं दिसलं.

हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. संभाजीराव चाळत होते, संतोष चुंबक फिरवत होता, आनंदीबाई कढीपत्त्याचं एकेक पान उलटून पाहत होत्या. प्रियदर्शनीने सगळ्यांना चहा केला. सणाचा दिवस, कुणाची पूजेची तयारी झालेली नव्हती, कुणाची रांगोळी व्हायची होती. अनंतरावांनी त्या चार वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. कंपनीतून निघताना हार घालायला अख्खा विभाग आला होता, पण आपल्या हातच्या एका स्क्रूसाठी जमिनीवर बसलेली माणसं ते आज पहिल्यांदा पाहत होते. ते काहीतरी बोलणार होते, पण आनंदीबाईंनी "तुम्ही तेवढे बाजूला व्हा, उजेड अडतोय" असं सांगितल्यामुळे ते राहून गेलं.

स्क्रू मिळाला नाही. प्रियदर्शनी मात्र मघापासून ओढणीचं टोक पिळत होती.

"काका, एक सांगू? काकूंचं ताट रिकामं कसं परत द्यायचं? आई म्हणते, तसं देत नसतात. मी तर काहीच बनवलं नव्हतं. मग त्यातलाच चिवडा भरला आणि आज सकाळी ह्याच्याकडून पाठवून दिला."

"म्हणजे नीरजाकडे नीरजाचाच चिवडा," आनंदीबाई म्हणाल्या. संभाजीरावांनी चाळणी खाली ठेवली.

अनंतराव तसेच घरी धावले. ओट्याच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्राखाली, ते ताट सकाळपासून तसंच होतं. चुंबक चिवड्यावरून फिरवलं मात्र, टक् झालं. काखेत कळसा आणि तीन मजल्यांना वळसा. स्क्रू काळाभोर, तुकतुकीत झाला होता, अंगाला थोडी हळद लागली होती. अनंतरावांनी तो कपाळाला लावला. इमारतीत आपल्या बायकोचा चिवडा एकालाही आवडत नाही, ही देवाची केवढी कृपा, असं त्यांच्या मनात आलं. आवडला असता तर स्क्रू आत्तापर्यंत कुणाच्या तरी पोटात असता. देवाचे असे आभार आजवर कुठल्याच नवऱ्याने मानले नसतील.

"काय सापडलं?"

दारात नीरजाबाई झेंडूची पिशवी घेऊन उभ्या होत्या. अनंतरावांनी स्क्रू दाखवला आणि तो फोडणीत कसा गेला तेही कबूल केलं. फक्त पुढचं बदललं. आपल्याच डब्यात होता, म्हणाले. शेजारची माणसं एवढी राबली होती, त्यांना तोंडघशी पाडणं त्यांच्या जिवावर आलं.

नीरजाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "डब्यात नव्हता. ताटात होता. माझा चिवडा मला ओळखू येत नाही होय? खोबऱ्याचे असे काप ह्या इमारतीत दुसरं कोण करतं? सकाळी कागद उचलला आणि कळलं, फिरून घरी आलाय."

"मग तुला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाला वाटायचं? आनंदीबाईंची शंकरपाळी मी संभाजीरावांना दिली. संभाजीरावांच्या चकल्या, खाल्ल्या असत्या तर घशाला चटका बसला असता, त्या वरच्या पोरांना दिल्या. दरवर्षी असंच असतं. लोकांची मनं राहतात आणि फराळही वाया जात नाही." मग ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा मी उद्या तुमच्या मुक्ताताईंना बांधून देणार होते."

म्हणजे बंदूक आणि स्क्रू शेवटी एकाच घरी गेले असते, फक्त वेगवेगळ्या पिशव्यांतून. अनंतराव मटकन स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ हसत राहिले. नीरजाबाई आधी रागावल्या, मग त्याही हसल्या.

पाडव्याला मुक्ताताई आल्या. बाल्कनीतून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला, बटण एकेक घर फिरवून पाहिलं. मुक्ताताईंनी बंदूक अलगद खाली ठेवली. "ही माझ्या गुरूंची बंदूक. ते गेल्यापासून हिच्यातून मला काही दिसलं नव्हतं. तुमचे उपकार झाले." मग बटणावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं की स्क्रूला इतका सुंदर काळा रंग दिला कसा, आणि बाकीच्या बंदुकांच्या स्क्रूंनाही हाच द्याल ना. घरगुती पद्धत आहे, असं अनंतरावांनी सांगितलं. मुक्ताताईंनी बशीतला चिवडा संपवला आणि आणखी मागून घेतला. नीरजाबाईंनी अनंतरावांकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्यांनी तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्यांच्या वतीने मान खाली घातली.

शेजाऱ्यांचे आभार कसे मानायचे, हा प्रश्न उरलाच होता. तुम्ही माझ्या बायकोचा चिवडा खाल्ला नाहीत म्हणून मी आपला आभारी आहे, असं म्हणता येत नाही. तेव्हा अनंतरावांनी आनंदीबाईंच्या विळीला धार लावून दिली, संभाजीरावांच्या तराजूचा काटा सरळ केला आणि प्रियदर्शनीच्या कुकरला नवं बटण बसवलं. दिवाळी संपताना तिन्ही घरांतून ओशाळवाणे निरोप आले: वहिनींचा चिवडा संपलाय, थोडा अजून मिळेल का.

म्हणून पुढच्या रविवारी नीरजाबाईंनी पुन्हा चिवडा करायला घेतला. ह्या वेळी साखर निम्मी होती. शेजारच्या शेगडीवर एक नवं कोरं छोटं कढलं तापत होतं. ते त्यांनी पाडव्याला नवऱ्याला ओवाळताना त्याच्याच हातात ठेवलं होतं, आणि माझ्या कढईला पुन्हा हात लावायचा नाही, असं बजावलं होतं.

"मोजून टाका आणि मोजून काढा," त्या म्हणाल्या.

अनंतरावांनी क्लबातल्या पुढच्या बंदुकीचा पहिला स्क्रू तापवला आणि कढल्यातल्या तेलात धरला. तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. वाजत राहिला.

"अमेरिकेचा असेल," अनंतराव चिमटा न हलवता म्हणाले.

"असू दे," नीरजाबाई कढईवरची नजर न काढता म्हणाल्या. "पुन्हा करील."